आंबोलीची नाइट ट्रेल: मलबार पिट वायपर बघायचा असेल तर कराच

पावसाळ्यात आंबोलीला लोकल गाइडसोबत नाइट ट्रेल केली आणि खरंच सांगते, पैसे वसूल. मलबार पिट वायपर, म्हणजे आपला मलबारी चापडा हा विषारी साप, फक्त पश्चिम घाटातच सापडतो आणि तो इतका जवळून बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. ओढ्याकाठच्या झुडपात कमरेएवढ्या उंचीवर फांदीला वेटोळं घालून बसलेला, रंग शेवाळी हिरवा त्यावर तपकिरी डाग, टॉर्च मारूनही पटकन दिसेना. गाइड दादांनी लांबूनच डोळा आणि नाकपुडीच्या मधला खड्डा दाखवला, त्यानेच त्याला अंधारात उंदरासारख्या गरम रक्ताच्या भक्ष्याची उष्णता कळते. बेडूक, पाली पण खातो, आणि शिकारीमागे धावत नाही, एका जागी तासन्‌तास दबा धरून बसतो. हिरवा, पिवळा, केशरी, तपकिरी, सगळ्या रंगांत असतो आणि अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो!

दादांनी कुणालाही काठी लावू दिली नाही, फ्लॅश पण बंद, हे मला फार आवडलं. आपल्याकडचं नेहमीचं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारच सापांवर बनतं, चापड्यावर नाही, त्यामुळे अंतर ठेवाच.

एकच तक्रार, ग्रुप फार मोठा होता, मागच्यांना नीट ऐकूच येत नव्हतं. छोटा ग्रुप मागून घ्या, गमबूट न्या, जळवा भरपूर आहेत.