दांडिया बाजारातील एक रक्ततपासणी केंद्र

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या एका लहान रक्ततपासणी केंद्रात मी गेल्या आठवड्यात आईची सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी, करून घेतली. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका होता; पण खरे मोल अहवालाचे आहे. एकूण पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ९,२००, म्हणजे ४,००० ते ११,००० या मर्यादेत होत्या, तरी त्यांत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ११ टक्के, म्हणजे सुमारे १,००० निघाले, आणि ते ५००च्या आत असावे लागतात. यंत्राच्या आकड्यावर न थांबता तेथील डॉक्टरांनी रक्ताची काचपट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि समजावले की पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जिवाणूंवर सर्वांत आधी धावून जातात, लिम्फोसाइटांपैकी बी पेशी प्रतिपिंडे (रोगजंतूंना चिकटणारी प्रथिने) घडवतात व टी पेशी विषाणूने बाधित पेशी मारतात, मोनोसाइट ऊतींत शिरून भक्षक पेशी होतात, तर इओसिनोफिल जंत किंवा ॲलर्जी असता वाढतात. बेसोफिल सर्वांत थोडे. इतक्या आस्थेने कोणी रुग्णाला सांगत बसते, हे मला फार मोलाचे वाटले. निदान मात्र त्यांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांवर सोपवले. अहवाल सायंकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला, एवढीच तक्रार.