नव्या गाडीची बॅटरी बसली तर पैसे कशावर घालावेत: केबल, जंप पॅक, चार्जर की नवी बॅटरी?

गाडी घेऊन वर्षही झालेलं नसतं आणि सकाळी सेल्फ मारला की नुसता टक-टक-टक आवाज येतो. मीटरचे दिवे फडफडतात, पुश बटणाची गाडी असेल तर किल्ली ओळखली नाही असा मेसेज येतो. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘बॅटरी गेली, बदला’ आणि दुसरा ‘जंप पॅक घेऊन ठेवा’. आमच्या मते दोन्ही सल्ले घाईचे आहेत. वर्षभरातली बॅटरी बहुतेक वेळा खराब झालेली नसते, ती फक्त रिकामी झालेली असते. हा फरक कळला की चार-पाच हजार वाचतात, आणि मराठवाड्यातल्या उन्हात, लाइटच्या लपंडावात कोणती वस्तू खरोखर उपयोगी पडते हेही ठरवता येतं.

सर्वांत आधी घ्यावा तो साधा डिजिटल मल्टिमीटर. चारशे-पाचशे रुपयांचा पुरतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज बघायचं. १२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.०च्या खाली गेली की सेल्फचा भरवसा नाही, ११.८च्या खाली तर रिकामीच समजा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी आकडा बघितला तर तो ९.६च्या खाली जाता कामा नये. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) ठीक. हल्लीच्या काही गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, त्यामुळे अधूनमधून आकडा खाली दिसला तरी घाबरू नये. हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघावं.

आणखी एक तपासणी हमखास राहून जाते. एकदा मीटरच्या पिना खुंटीवर टेकवा, एकदा तिच्यावर बसलेल्या क्लॅम्पवर. खुंटीवर १२.५ आणि सेल्फ मारताना क्लॅम्पवर ७-८ दिसलं तर बॅटरीचा काही दोष नाही, टर्मिनल ढिलं आहे. नव्या गाडीत म्युझिक सिस्टिम, हॉर्न किंवा जादा दिवे बसवताना टर्मिनल काढलेलं असतं आणि परत नीट आवळलेलं नसतं. दहाचा पाना, अर्ध्या मिनिटाचं काम.

आता नवी गाडी रिकामी का होते ते बघू, कारण त्यावरच पुढची खरेदी अवलंबून आहे. बंद गाडीतही कॉम्प्युटर, अलार्म, मोबाइलशी जोडलेली यंत्रणा थोडा करंट खात राहतात. २० ते ५० मिलिअँपिअर हे सर्वसाधारण मानलं जातं. ४० धरले तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला तर जाईल तेवढी वीज) होतो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे गाडी गावी वाड्यात लावून मालक पुण्याला नोकरीवर गेला, तर अडीच आठवड्यांत बॅटरी अर्ध्यावर येते. पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम लावला असेल तर तो एकटाच पाव अँपिअर खाऊ शकतो. मग हेच काम तीन दिवसांत होतं. त्यात आपलं ऊन. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीची आपोआप रिकामी होण्याची गती साधारण दुप्पट होते. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली बॉनेटच्या आत त्याहून जास्त. म्हणून बॅटरीभोवती कंपनीने घातलेलं काळं कव्हर काढून टाकू नये, ते उष्णतेसाठीच असतं.

काही गाड्या तर शोरूमच्या यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहून अर्धमेल्या बॅटरीनिशीच ताब्यात मिळतात. डिलिव्हरी घेताना उत्पादनाचा महिना बघा आणि बॅटरीचं व्होल्टेज आपल्यासमोर मोजून घ्या. १२.४च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करूनच द्या म्हणावं. नंतर ही गोष्ट कोणी मान्य करत नाही.

जंप केबल. घरात असावीच, पण निवडून. बाजारात ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’ छापलेल्या जाडजूड केबल तीन-चारशेला मिळतात. जाडी सगळी प्लास्टिकची. आत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची बारीक तार. हिशोब साधा आहे. लहान पेट्रोल इंजिन फिरवायला दीडशे अँपिअरच्या आसपास करंट लागतो. १६ चौरस मिलिमीटर शुद्ध तांब्याची अडीच-अडीच मीटरची जोडी असेल तर वाटेत एक व्होल्टहून कमी जातो. ६ चौरस मिलिमीटरच्या मुलामावाल्या तारेत तेवढ्याच लांबीत साडेतीन व्होल्ट जातात. पलीकडून साडेबारा निघाले तर आपल्या स्टार्टरला नऊ मिळतात, आणि केबल हाताला चटका देते. म्हणून वेल्डिंग केबल विकणाऱ्याकडून १६ किंवा २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल मापून घ्या आणि चांगले चिमटे बसवून घ्या. डिझेल गाडी असेल तर २५च.

जोडण्याचा क्रम चुकवू नका. दोन्ही गाड्या बंद. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती लांब हवी. दुसरं कारण नव्या गाड्यांपुरतं आहे: मायनस खुंटीवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा थेट खुंटीवर लावला तर करंट त्या सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब बिघडतो. पाच-दहा मिनिटं थांबा, सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, पुढच्या प्रयत्नाआधी अर्धा मिनिट जाऊ द्या. चालू झाली की चिमटे उलट क्रमाने काढा.

गावाकडे जंप द्यायला दुसरी कार नसली तरी ट्रॅक्टर असतो. त्याची बॅटरी १२ व्होल्टचीच आणि कारच्या दुपटीहून मोठी, त्यामुळे चालते. मात्र ट्रॅक्टर बंद ठेवूनच जंप घ्या. जुन्या ट्रॅक्टरचा रेग्युलेटर बिघडलेला असेल तर त्याचं चढं व्होल्टेज तुमच्या गाडीच्या कॉम्प्युटरला बाधू शकतं. उसाचा ट्रक, टिपर, एसटी यांच्यापासून मात्र लांब राहा: तिथे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. इलेक्ट्रिक कारकडूनही जंप घेऊ नये. तिच्या मोटरची बॅटरी वेगळी; बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी नसतेच. (ती छोटी बॅटरी उतरली तर मोठी भरलेली असूनही इलेक्ट्रिक कार जागची हलत नाही, हेही नव्या मालकांना माहीत असावं.)

धक्का मारून चालू करणं आता फारसं जमत नाही. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप टाकणारी) आणि ऑटोमॅटिकला तर नाहीच. मॅन्युअल गाडीतही फ्युएल पंप आणि इंजेक्शनला वीज लागते. बॅटरी पूर्ण बसली असेल तर माणसं दमतात, गाडी दमत नाही. पुश बटणाच्या गाडीचं दार उघडत नसेल तर रिमोटच्या आत दडवलेली लोखंडी किल्ली असते, ती आत्ताच काढून बघून ठेवा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बॅटरी मेल्यावर तो सुटत नाही, तेव्हा ओढून नेण्याचा विचार करू नये.

जंप पॅक म्हणजे खिशात मावणारा लिथिअमचा डबा, साधारण तीन ते सात हजारांचा. काम करतो, यात शंका नाही. पण डब्यावरचे १२,००० मिलिअँपिअर-तास हे ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. १२ व्होल्टच्या हिशोबात ते पावणेचार अँपिअर-तास भरतात. ३५ची बॅटरी त्याने भरत नाही, सेल्फ लागण्यापुरता जोर मिळतो. बॅटरी पार दोन-तीन व्होल्टवर गेली असेल तर चिमट्यातल्या सर्किटला बॅटरी दिसतच नाही. बूस्टचं बटण असलेला पॅक घ्यावा, आणि ते बटण दाबल्यावर उलट जोडणीचं संरक्षण बंद होतं हे लक्षात ठेवावं. आमची खरी हरकत वेगळी आहे. हा डबा गाडीतच असला तर उपयोगाचा, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत लिथिअम ठेवणं धोक्याचं. डॅशबोर्डवर सत्तर अंशांच्या घरात तापमान जातं. सेल फुगतात, क्षमता जाते, आग लागू शकते. एप्रिल ते जून तो घरात ठेवायचा असेल तर वेरूळच्या पार्किंगमध्ये त्याचा काय उपयोग? नेहमी लांबचा आणि आडवाटेचा प्रवास करणाऱ्यांनी घ्यायचाच तर लिथिअमऐवजी सुपरकपॅसिटरवाला (वीज झटकन साठवून झटकन सोडणारा) बघावा. तो महाग आहे, पण उष्णता जास्त सोसतो आणि बसलेल्या बॅटरीत उरलेल्या विजेवरच दोन-चार मिनिटांत भरतो.

पैसे घालायची जागा म्हणजे चार्जर. जंप देऊन गाडी चालू झाली की लोकांना वाटतं काम झालं. जालन्याहून संभाजीनगरला जाऊन आलं की बॅटरी पुन्हा सेल्फ घेण्यापुरती भरते, पूर्ण भरत नाही. शेवटचा पाव भाग भरायला कित्येक तास लागतात. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्षभराची बॅटरी दुसऱ्या वर्षी खरोखर मरते. नव्या बॅटऱ्या मरतात त्या अशाच. म्हणून जंपनंतर त्याच रात्री चार्जर लावा. ३५ अँपिअर-तासांना साडेतीन-चार अँपिअर, दहा-बारा तास. बॅटरी गाडीतच राहू द्या; लाल प्लसला, काळा इंजिनच्या धातूला, बॉनेट उघडं, जागा हवेशीर.

चार्जर निवडताना तीन गोष्टी दुकानातच बघा. एक, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असावं, कारण संध्याकाळी शेताकडच्या फीडरवर १७०च मिळतात. दोन, लाइट जाऊन आल्यावर चार्जर आपोआप पूर्वीच्या मोडवर सुरू होतो का. बटणाने मोड निवडायचे बरेच चार्जर लाइट आली की स्टँडबायवर थांबून राहतात. रात्री दोनला लाइट गेली तर सकाळी बॅटरी आहे तिथेच. दुकानात प्लग काढून पुन्हा लावा, लगेच कळतं. तीन, स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम या खास प्रकारची बॅटरी असते, तिच्यासाठीचा मोड हवा. फार उतरलेली बॅटरी स्मार्ट चार्जर स्वीकारत नाही. तेव्हा आधी जंप देऊन वीस मिनिटं गाडी चालवा, मग लावा.

बॅटरीच्या दुकानात चार्जिंगला टाकायची असेल तर विचारून टाका. बऱ्याच ठिकाणी जुना ट्रान्सफॉर्मर असतो आणि पाच-सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून सगळ्यांना सारखाच करंट देतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीला साजेसे आठ अँपिअर तुमच्या छोट्या सीलबंद बॅटरीतून गेले की ती उकळते, आणि तिच्यात पाणी घालायलाही जागा नसते. ‘वेगळी लावा, चार अँपिअरवर’ एवढं सांगितलं की जाणता बॅटरीवाला ऐकतो. जो ऐकत नाही त्याच्याकडे टाकू नका.

वॉरंटीचंही तसंच. नव्या गाडीसोबत बहुतेक कंपन्यांची रोडसाइड मदत असते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन आहेच. फोनवर गाडी ऑटोमॅटिक आहे का ते आधी सांगा, लोकेशन पाठवा, आणि पाटोदा, किनवट, भूमसारख्या ठिकाणी माणूस जिल्ह्याहून येणार हे धरून चाला. आलेल्या माणसाकडून कामाचा कागद मागून घ्या, तारीख आणि किलोमीटरसह. बॅटरी रिकामी होणं हा वॉरंटीतला दोष धरत नाहीत, पण वारंवार रिकामी होते याचा पुरावा कागदच देतो. वर्कशॉपमध्ये टेस्टरची पट्टी निघते. तिच्यावर ‘चार्ज अँड रिटेस्ट’ आलं असेल तर बदलायचं नाव काढू नये, पूर्ण भरून पुन्हा तपासायला लावावं. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावरही आकडा साडेदहाच्या आसपास अडकला तर सहापैकी एक सेल शॉर्ट आहे. ती बॅटरी खरंच गेली, आणि बदलून मिळण्याचा तुमचा हक्क आहे. बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

चार्ज केल्यावरही आठवड्यात पुन्हा बसत असेल तर करंट कोण खातंय ते शोधा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मायनस टर्मिनल आणि खुंटी यांच्यामध्ये जोडा. बॉनेटचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागलं असं वाटतं. किल्ली घरात लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना दार उघडू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, फ्यूज उडतो. आकडा ०.०५च्या आत आला तर ठीक. ०.३ दिसला तर आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू एकेक काढा: डॅशकॅम, ट्रॅकर, अॅम्प्लिफायर. मग फ्यूज एकेक. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येतो, त्याची लाइन इलेक्ट्रिशियनला दाखवा.