पटिंगचे प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतरचा हिशेब

गेल्या आठ महिन्यांत मी एका प्रशिक्षकाकडे गोल्फमधील पटिंगची, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळत होलमध्ये घालण्याची, सहा सत्रे घेतली आणि घरच्या सरावासाठी मुख्यतः तीन साधने वापरली: अडीच मीटर लांबीची मॅट, जमिनीवर ठेवायचा आरसा आणि ज्यातून चेंडू न घासता जायला हवा असे एक लहानसे फाटक. सुरुवात करण्यापूर्वी प्रशिक्षकांनी पाच राउंडची नोंद आणायला सांगितली होती, म्हणून तुलनेला काही आधार आहे. तेव्हा अठरा होलच्या राउंडमध्ये माझे सरासरी ३७ पट (ग्रीनवरचा असा प्रत्येक फटका म्हणजे एक पट) होत असत आणि पाचेक होलवर तीन पट लागत. अलीकडच्या पाच राउंडची सरासरी ३३ आहे आणि तीन पटांची वेळ राउंडमध्ये फार तर दोनदा येते.

मात्र पटांची नुसती संख्या फसवी असते, हे आधीच सांगायला हवे. ग्रीन चुकवून काठावरून चेंडू होलजवळ आणणाऱ्या खेळाडूचे पट आपोआप कमी भरतात, आणि दुरून उत्तम फटका मारून ग्रीनवर तीस फुटांवर थांबणाऱ्याचे वाढतात. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही मोजणी मांडली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. पटिंगसाठी पीजीए टूरने (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेने) ती २०११ मध्ये स्वीकारली. तीत प्रत्येक पट किती अंतरावरून मारला हे विचारात घेतले जाते. मीही तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या पटाचे अंतर पावलांनी मोजून वहीत लिहू लागलो. हे काम कंटाळवाणे आहे आणि सोबतचे खेळाडू थट्टाही करतात, परंतु पुढे जे काही सुधारले त्याचा उगम या वहीतच आहे.

पहिल्या सत्रात प्रशिक्षक माझी पकड, उभे राहण्याची पद्धत किंवा खांद्यांची हालचाल यांतले काही बदलतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तासभर कशालाच हात लावला नाही. प्रत्येक चुकलेल्या पटानंतर ते एकच विचारीत: उतार चुकीचा वाचला, चेंडू ठरवलेल्या रेषेवर निघाला नाही, की वेग चुकला? पहिल्या वीस पटांपैकी निम्म्यांचे उत्तर मला देता आले नाही. चेंडू होलच्या डावीकडून गेला एवढेच मला दिसत होते आणि त्यावर मी वर्षानुवर्षे ‘ओढला गेला’ असे एकच निदान करून मनगटे आवळत आलो होतो. त्यापूर्वी मी एक चित्रफितींचा अभ्यासक्रमही पूर्ण केला होता. त्यात सर्वांना एकच आदर्श फटका शिकवला होता, आणि माझी नेमकी चूक कोणती हे सांगायला तिथे कोणी नव्हते. प्रशिक्षणावर केलेला सगळा खर्च मला या एका प्रश्नासाठी सार्थ वाटतो.

रेषेचा दोष सर्वांत लवकर सापडला आणि सर्वांत लवकर सुटलाही. चेंडू कोणत्या दिशेला निघेल हे मुख्यतः टक्कर होताना पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, कुठे पाहतो यावर ठरते. पटर कोणत्या मार्गाने आला याचा वाटा त्या मानाने बराच कमी असतो. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोन इंचही नाहीत. दहा फुटांवरून फेस एक अंश चुकला तर चेंडू मध्यापासून सुमारे २.१ इंच सरकतो, म्हणजे जेमतेम कडेवर येतो. वीस फुटांवरून तीच चूक चार इंचांच्या पुढे जाते. आरशावर उभे राहिल्यावर दिसले की माझी नजर चेंडूच्या रेषेपेक्षा बरीच आत, पायांच्या बाजूला पडत होती, त्यामुळे फेस उजवीकडे रोखला जात होता आणि ती चूक भरून काढण्यासाठी हात ऐन वेळी डावीकडे ओढत होते. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि जेव्हा त्यांचे जमत नसे तेव्हा पट चुके. चौथ्या महिन्यात पटरची लांबी ३५ इंचांवरून ३४ इंचांवर आणली, कारण लांब दांड्यामुळे मी चेंडूपासून दूर उभा राहत होतो. नवा पटर घेण्याचा मोह मला बराच झाला होता. प्रशिक्षकांनी तो चार महिने पुढे ढकलायला लावला आणि नंतर त्याची गरजच उरली नाही.

फाटकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इतक्या साध्या वस्तूने इतके स्पष्ट उत्तर द्यावे याचे मला अजून नवल वाटते. चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मिलीमीटर असतो. चेंडूपुढे अर्ध्या मीटरवर दोन टी (एरवी चेंडू ठेवायच्या लहान खुंट्या) एकमेकींपासून ५० मिलीमीटरवर रोवल्या तर दोन्ही बाजूंना साडेतीन मिलीमीटरच्या आसपास जागा उरते, म्हणजे चेंडू साधारण अर्ध्या अंशाच्या आत निघाला तरच तो न घासता जातो. इथे होल नाही, उतार नाही, नशीबही नाही. टी हलली की रेषा चुकली. पहिल्या आठवड्यात दहापैकी चार चेंडू पार होत, तिसऱ्या महिन्यात आठ. यासाठी विकत घेतलेले धातूचे फाटक मात्र अनावश्यक निघाले. दोन टी तेवढेच काम करतात आणि खिशात मावतात.

मॅटबाबत माझे मत इतके अनुकूल नाही. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी तिच्यावर शंभरपैकी नव्वद चेंडू होलमध्ये घालत होतो, आणि त्याच काळात मैदानावर तीन पटांच्या संख्येत काडीचाही फरक नव्हता. मॅटच्या टोकाला चढ असतो आणि चेंडू परत यावा अशी सोय असते, त्यामुळे जोरात मारलेला चेंडूही चढावर मंदावून आत पडतो. होलपुढे तो किती गेला असता हे कधी कळतच नाही. शिवाय एकाच जागेवरून, एकाच अंतराचा, एकाच वेगाचा पट शंभर वेळा मारल्याने आपण शिकत आहोत असा आभास निर्माण होतो. शे आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रसिद्ध प्रयोग या ठिकाणी आठवावा. त्यात हाताने छोटे अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे होते. एकच क्रम सलग गिरवणारे सरावात सरस दिसले, पण क्रम सतत बदलून शिकलेल्यांच्या लक्षात ते नंतर अधिक राहिले. सरावात चांगले वाटणे आणि प्रत्यक्ष शिकणे यांतला हा फरक मला मॅटनेच शिकवला, जरी विकणाऱ्याच्या मनात तसे नसावे.

वेगाचे काम अखेरीस सरावाच्या ग्रीनवरच झाले आणि ते सर्वांत हळू झाले. तीन चेंडू, होल नाही. पंधरा, तीस, बावीस, चाळीस फूट अशी अंतरे उलटसुलट बदलायची, प्रत्येक चेंडू मारल्यावर वर न पाहता तो लांब गेला की आखूड पडला ते आधी बोलायचे आणि मगच पाहायचे. पहिले दोन आठवडे माझे अंदाज नाणेफेकीपेक्षा बरे नव्हते. हळूहळू हातांना जे कळत होते ते डोळ्यांच्या आधी शब्दांत येऊ लागले. प्रत्येक ग्रीनचा वेग निराळा असल्याने आठवणीतला जोर उपयोगी पडत नाही, हेही याच काळात नीट उमगले. ग्रीनचा वेग मोजायचे स्टिंपमीटर एडवर्ड स्टिंपसन यांनी १९३५ मध्ये, ओकमाँट येथील यूएस ओपन पाहिल्यानंतर बनवले. सुमारे वीस अंशांपर्यंत उचललेल्या खाचेतून चेंडू सुटतो आणि तो जितके फूट धावतो तो त्या ग्रीनचा आकडा. आठच्या सपाट ग्रीनवर चेंडूला दहा फूट नेणारा फटका अकराच्या ग्रीनवर त्याला सुमारे पावणेचौदा फूट नेतो. म्हणून आता राउंडपूर्वीची दहा मिनिटे मी होलकडे न पाहता फक्त लांब पटांसाठी राखतो.

होलपुढे किती जोर असावा यावर मतभेद आहेत. चुकलेला चेंडू होलपुढे १७ इंचांवर थांबावा, हा प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांचा आकडा पुष्कळांना पाठ असतो. माझ्या अनुभवात चढावर तो ठीक आहे, पण उतारावर तेवढ्या जोराने मारले की चुकलेला चेंडू चार फूट खाली जाऊन थांबतो. वेगवान चेंडूसाठी होल प्रत्यक्षात लहान होते, ही बाब मात्र वादातीत आहे: अगदी मध्यावर आलेला चेंडूही सेकंदाला साधारण १.६ मीटरपेक्षा वेगात असेल तर होल ओलांडून जातो, आणि कडेने येणाऱ्याला त्याहून बराच मंद असावे लागते.

उतार वाचण्यासाठी प्रशिक्षकांनी मार्क स्वीनी यांच्या एमपॉइंट पद्धतीचा आधार घेतला. रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून कोणत्या पायावर भार अधिक येतो ते जोखायचे आणि मग हात लांबवून बोटांच्या रुंदीने लक्ष्य ठरवायचे. पायांचा भाग मी स्वीकारला. बोटांचा भाग मला जमला नाही; मागचा गट वाट पाहत असताना डोळ्यांसमोर बोटे धरून उभे राहणे माझ्या स्वभावात बसत नाही. तरीही वहीने येथे एक गोष्ट निर्विवाद दाखवली. सहा ते पंधरा फुटांवरून चुकलेल्या माझ्या पटांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश होलच्या खालच्या बाजूने गेले होते, म्हणजे वळण मी सतत कमी धरत होतो. तेव्हापासून जे वळण दिसते त्यात थोडी भर घालून मारतो आणि चुका आता दोन्ही बाजूंना विभागल्या गेल्या आहेत.

तालासाठीच्या ध्वनियंत्राचा उपयोग झाला. मागे नेण्याला दोन ठोके आणि चेंडूपर्यंत येण्याला एक, या प्रमाणाने माझा उतावळा फटका शांत झाला. फक्त हे लक्षात ठेवावे की राउंडमध्ये तालासाठी असा ध्वनी ऐकणे गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे निषिद्ध आहे, तेव्हा ठोके मनातच मोजावे लागतात. सोबत मिळालेल्या मोबाइल ॲपविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दोन आठवड्यांत काढून टाकले.

अपेक्षा वास्तवाच्या पातळीवर आल्या, हा लाभ कोणत्याही जाहिरातीत नव्हता. पीजीए टूरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, वीस फुटांवरून शंभरात पंधराच्या आसपास, आणि तेहतीस फुटांच्या पुढून त्यांनाही सरासरी दोन पट लागतात. हे आकडे कळण्यापूर्वी मी आठ फुटांचा प्रत्येक चुकलेला पट अपराधासारखा पुढच्या होलपर्यंत वाहून नेत असे. आता लांब पटाला होलभोवतीचे तीन फुटांचे वर्तुळ एवढेच लक्ष्य असते. पट मारताना होलमधला झेंडाही मी आतच ठेवतो; २०१९ पासून त्याला दंड नाही आणि दुरून अंतराचा अंदाज मला त्याच्यामुळे नीट येतो.

जे सुटले नाही ते चार फुटांच्या आतले पट, आणि तेही स्पर्धेत. सरावात मी होलभोवतीच्या वर्तुळातून सलग वीस घालतो. कार्डावर गुण लिहिला जाणार असला की उजवा हात थरकतो. जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास करून दाखवले की कुशल खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी चेंडूवर अधिक स्थिर असते आणि फटक्यानंतरही क्षणभर त्याच जागी राहते. चेंडू गेल्यावर गवताकडे पाहत राहण्याची सवय मी त्यावरून लावून घेतली आणि तिचा काही प्रमाणात गुण आला. डावा हात खाली धरण्याची पकडही सहा आठवडे वापरून पाहिली. लहान पटांना ती बरी वाटली, लांब पटांचा अंदाज मात्र पार बिघडला, म्हणून आता दहा फुटांच्या आत ती आणि बाहेर जुनी, असा काहीसा अशास्त्रीय तोडगा काढला आहे. प्रशिक्षकांना तो मान्य नाही. सातवे सत्र त्यासाठीच ठरवले आहे आणि त्यांनी बजावले आहे की त्या दिवशी वहीत सरावाचे नव्हे, फक्त स्पर्धेतले चार फुटांचे पट लिहून आणायचे. आतापर्यंत अठरा झाले आहेत; त्यांपैकी सहा चुकले.