'सीलबंद' माइंडस्टॉर्म्सच्या नावाखाली ३९,१४० रुपये गेले, सेकंडहँड लेगो घेणाऱ्यांनी वाचा

सरळ सांगते. लेगो माइंडस्टॉर्म्स म्हणजे लेगोचे तुकडे आणि मोटर जोडून रोबोट बनवायचे सेट, त्यातला रोबोट इन्व्हेंटर, सेट नंबर ५१५१५, सीलबंद आहे असं सांगून एका माणसाने मला ३८,५०० रुपयांना गंडवलं, वर कुरिअरचे ६४० वेगळे घेतले, म्हणजे एकूण ३९,१४०. लिहायला लाज वाटतेय, घरात सासूबाईंना अजून खरा आकडा सांगितलेला नाही, पण हा माणूस मोकळा फिरतोय आणि आपल्यासारखी माणसं कुठे सापडतात हे त्याला बरोबर ठाऊक आहे, म्हणून लिहितेय.

ज्यांना 'खेळण्यावर एवढे पैसे?' असं वाटतंय त्यांच्यासाठी थोडं. कॉलेजच्या लॅबमध्ये एनएक्सटी होता, माइंडस्टॉर्म्सचाच जुना सेट, २००६चा, त्याच्यावर मी पहिला लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या रेषेवरून चालणारा रोबोट, केला आणि तेव्हापासून हे वेड आहे. नंतर २०१३ला पुढचा सेट ईव्ही३ आला तेव्हा परवडला नाही, २०२०ला ५१५१५ आला तेव्हा बाळ लहान होतं, आणि २०२२मध्ये कंपनीने माइंडस्टॉर्म्सच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. म्हणजे आता मिळाला तर कोणाकडून तरी जुनाच मिळणार. ९४९ तुकडे, चार मोटर, एक कलर सेन्सर, एक डिस्टन्स सेन्सर, आणि सहा पोर्टचा हब, म्हणजे रोबोटचा मेंदू, ज्याच्यावर पाच बाय पाच दिव्यांचा छोटा डिस्प्ले आहे. कंपनीचं अ‍ॅप बंद झालं तरी पायब्रिक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून तो हब आजही पायथन कोडवर मस्त चालतो. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सर्व्हो मोटर, आर्डुइनो बोर्ड, मोटर ड्रायव्हर असे सगळे सुटे भाग आणते, सोल्डरिंग करते, पण लेगोच्या मोटरमध्ये एन्कोडर आतच असतो, मोटर किती अंशात फिरली ते तीच सांगते, मोडलं की दहा मिनिटांत दुसरं काहीतरी उभं करता येतं. ती मजा त्या वायरींच्या जंजाळात नाही. माझ्या पगारातून, माझ्या बचतीतून घेत होते, कोणाचं काही बुडवून नाही.

आणि 'स्वस्तात मिळतंय म्हणून धावली असणार' असंही कोणी म्हणू नका. स्वस्त अजिबात नव्हतं. या सेटची अमेरिकेतली किंमत ३५९.९९ डॉलर होती, म्हणजे तीस हजारांच्या आसपास. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी आपल्याकडे २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३मध्ये ७०, त्यामुळे बाहेरून रीतसर मागवायचं तर पन्नास हजारांच्या वर जातं, शिवाय १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, सर्टिफिकेट लागतं, तर पार्सल कस्टममध्ये अडकायची भीती वेगळीच. त्याने आधी ४२,००० सांगितले, घासाघीस करून ३८,५००वर आला. हा भाव बाजाराला धरून होता आणि तिथेच मला विश्वास वाटला. अर्ध्या किमतीत सांगितलं असतं तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. भाव बरोबर असला म्हणजे माणूस बरोबर असतो हे डोक्यातून काढून टाका, चोरांनाही गुगल करता येतं.

हा माणूस आमच्या छंदवाल्यांच्या एका ग्रुपवर कित्येक महिने होता. लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचा, कोणाचा ईव्ही३चा ब्लूटूथ जुळत नव्हता तर त्याला रात्री अकरा वाजता मेसेज करून मदत केली होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ओएलएक्सवर आर्मीत असल्याचं सांगून फसवणाऱ्या 'आर्मीवाल्या'चे सगळे किस्से मला तोंडपाठ आहेत, क्यूआर स्कॅन करून पैसे 'मिळतात' वगैरे, मी स्वतः आईला आणि दोन मावश्यांना बसवून समजावलंय की पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हा त्यातला वाटलाच नाही. मी मागितला तसा फोटो दिला, बॉक्सवर माझ्या नावाची आणि तारखेची चिठ्ठी ठेवून. व्हिडिओ कॉलवर बॉक्सच्या दोन्ही बाजूंची सील दाखवली. मी म्हटलं हलवून दाखवा, तर हलवून दाखवला, आतून आवाज आला. अजून काय करायचं असतं माणसाने?

पहिले १२,००० अ‍ॅडव्हान्स पाठवताना यूपीआयवर त्याचं नाव न येता कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. विचारलं. म्हणाला ताई, मेहुण्याच्या दुकानाचं खातं आहे, माझं सॅलरी अकाउंट आहे ना, बायको बघते. आता हे वाचताना तुम्हाला हसू येईल, पण आपल्याकडे निम्मे व्यवहार असेच होतात, दूधवाल्याचे पैसे त्याच्या मुलाच्या नंबरवर जातात आणि इस्त्रीवाल्याचे भलत्याच कोणाच्या. तरी सांगते, ज्याच्याशी बोलताय त्याच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही टाकू नका, मग तो कितीही ताई-ताई करू दे.

पण ज्याने मला झोप येत नाही ती गोष्ट ही नाही. ती गोष्ट म्हणजे कुरिअरची स्लिप.

उरलेले २६,५०० आणि कुरिअरचे ६४० मी स्लिपचा फोटो बघितल्यावरच देणार असं ठरलं होतं, आणि मला वाटत होतं की केवढी सावध आहे मी. फोटो आला. मी तो झूम केला, ट्रॅकिंग नंबर एकेक आकडा बघून वेबसाइटवर टाकला, 'बुक्ड' दिसलं, माझा पत्ता बरोबर, पिनकोड बरोबर, आणि लगेच पैसे पाठवून दिले. ट्रॅकिंग नंबरच्या बरोबर वरच्या ओळीत, निळ्या पेनने, ठसठशीत लिहिलं होतं, वजन ०.८५० किलो. साडेआठशे ग्रॅम! तो एवढा मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स, ९४९ तुकडे, बॅटरीसकट हब आणि चार मोटर, हे सगळं मिळून एक किलोच्या आत बसूच शकत नाही. आणि हे मला कळायला हवं होतं, बाकी कोणाला नाही तरी मला, कारण मी वजनाचाच हिशेब करत असते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सर्व्हो आणि बॅटऱ्या तोलून बघते, चाळीस ग्रॅम जास्त झाले की रोबोटचा हात उचलत नाही म्हणून तासन् तास घालवते. मी तो आकडा पाहिला होता. पाहिला नव्हता असं नाही. डोक्यात येऊन गेलं की कुरिअरवाले व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे बॉक्सच्या आकारावरून काढलेलं वजन, वगैरे काहीतरी लावतात. अहो, व्हॉल्युमेट्रिकने वजन वाढतं, कमी कधीच होत नाही, हेही मला माहीत होतं! पण तोपर्यंत १२,००० गेलेले होते, तो 'कुरिअरवाला थांबलाय ताई, दुकान बंद होतंय' करत होता, आणि एकदा पैसे अडकले की डोकं आपल्यालाच उलट समजवायला लागतं. स्लिपवर सगळ्यात आधी वजन बघा. पत्ता नंतर.

पार्सल आलं. नवऱ्याने उघडतानाचा व्हिडिओ काढला, लेबलपासून सलग, तो आनंदाने काढत होता बिचारा. बॉक्स ओरिजिनल. शंभर टक्के ओरिजिनल, छपाई, कोपरे, सगळं. सील मात्र आता हातात घेतल्यावर कळलं, पारदर्शक चिकटपट्टी गोल कापून लावलेली, तिच्याखाली पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा आधीच निघालेला. व्हिडिओ कॉलवर ते दिसणं शक्यच नव्हतं, चकाकतं तेवढंच दिसतं. आत बिननावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यात साध्या लाल-पिवळ्या विटा. माइंडस्टॉर्म्समध्ये मुख्यत्वे टेक्निकचे, म्हणजे लेगोच्या यंत्रं बनवायच्या प्रकारातले, बीम, पिना, अ‍ॅक्सल, गिअर असतात, अशा साध्या विटांचा ढीग त्यात कशाला असेल, तिथेच माझे हातपाय गार पडले. एक वीट उचलून बघितली. लेगोच्या प्रत्येक वीटेच्या प्रत्येक गोल खुंटीवर बारीक अक्षरांत लेगो लिहिलेलं असतं, नखाने लागतं. इथे सपाट. दोन विटा जोडल्या तर एक जोडी निघेना आणि दुसरी हातातच सुटली. ओरिजिनल असं कधी करत नाही, १९५८ची पेटंटवाली वीट आजच्या वीटेला बसते म्हणून तर लोक एवढे पैसे मोजतात. हब नाही, मोटर नाही, एक वायर सुद्धा नाही, खाली गुंडाळलेले हिंदी पेपर.

एक विनंती सगळ्या लेगोवाल्यांना. तुमचे रिकामे ओरिजिनल बॉक्स पाचशे-हजाराला विकू नका. या धंद्याचा कच्चा माल तोच आहे. ठेवायचा नसेल तर फाडून टाका.

आता पुढचं. त्याचा नंबर बंद, ग्रुपमधून गायब. १९३०ला, म्हणजे सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला, फोन केला, बराच वेळ ट्यून ऐकल्यावर लागला, तर तिथले म्हणाले मॅडम, पार्सल मिळालंय ना, मग हा फ्रॉड नाही, वस्तू चुकीची आली, तुम्ही ग्राहक हेल्पलाइनला करा. १९१५ला केला, तर ते म्हणाले विकणारा दुकानदार नाही, खासगी व्यक्ती आहे, आमच्यात बसत नाही, पोलिसांकडे जा. बँकेत गेले. तिथल्या मॅनेजरने माझ्याकडे न बघता सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर पैसे परत हा नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. नियम तसाच आहे, मी नंतर वाचला. पण समोरचं खातं कुठल्या शाखेत आहे, त्याच्यावर आधी तक्रारी आहेत का, एवढं तरी बघा म्हटलं, तर 'ते आम्हाला दिसत नाही'. लोन विकायला फोन करताना यांना माझा सगळा जन्म दिसतो!

पोलीस स्टेशनचं तर काय सांगू. ड्युटीवरच्या साहेबांनी आधी विचारलं मुलासाठी घेतलं होतं का. मी म्हटलं नाही, माझ्यासाठी. मग शेजारच्या टेबलवाल्याला बोलावून सांगितलं, बघा, अडतीस हजाराचं खेळणं, मॅडमना स्वतःला खेळायला. दोघं हसले. मी तिथे अर्ज हातात धरून उभी. अडतीस हजारांचा मोबाईल चोरीला गेला असता तर हसले असते का? मग म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, व्यवहारातला वाद आहे. मी सांगितलं की खोटी सील लावून डुप्लिकेट माल पाठवणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, तर चेहरा बदलला आणि 'आरोपी इंदूरचा दिसतोय, तिकडे तक्रार करा' सुरू झालं. झिरो एफआयआर, म्हणजे दुसऱ्या हद्दीतल्या गुन्ह्याची एफआयआर, कुठल्याही पोलीस स्टेशनला घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये स्वच्छ लिहिलंय, जुलै २०२४पासून लागू आहे. ते काढून दाखवलं तर म्हणे साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेले तर परवा. व्हिडिओ दाखवते म्हटलं तर बघितला नाही, पेन ड्राइव्हमध्ये द्या, आणि नव्या पुरावा कायद्याच्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा. ते कसं लिहायचं हे कोणी सांगेना, शेवटी ओळखीच्या वकिलांनी फुकट लिहून दिलं. एवढं करून मिळालं काय, तर अर्जावर एक शिक्का. एफआयआर अजून नाही.

यात जो वेळ गेला ना, तोच खरा घात. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मी स्वतः 'ऑनलाइन फायनान्शियल फ्रॉड'मध्ये तक्रार टाकली तेव्हा त्या खात्यात १,८७० रुपये उरले होते, तेवढे होल्ड झाले. बाकी पुढे सरकवलेले. आणि ते १,८७० सोडवायलाही कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले, म्हणजे १,८७०साठी वकील करायचा! पहिल्या दिवशी १९३०वाल्याने तक्रार घेतली असती तर काय चित्र असतं याचा विचार मी करत नाही, डोकं फिरतं. तुम्ही मात्र फोनवर 'चुकीची वस्तू आली' असं म्हणूच नका. 'खोटं सांगून पैसे घेतले' असं म्हणा, आणि फोन लागत असतानाच पोर्टलवर फॉर्म भरायला घ्या, व्यवहाराचा यूटीआर नंबर, समोरचा यूपीआय आयडी, वेळ, सगळं आधी कागदावर लिहून ठेवा, पोर्टल मधेच लॉगआउट करतं.

आणि जमलं तर असला माल समोरासमोरच घ्या, हब चालू करून, चारही मोटर फिरवून. 'सील फोडलं तर व्हॅल्यू जाते' म्हणणाऱ्याला नमस्कार करून घरी या. सीलबंदपेक्षा उघडून चालवून दाखवलेला सेट हजार पटीने बरा. लांबचाच विकणारा असेल तर बॉक्स काट्यावर ठेवून वजनाचा आकडा दिसेल असा व्हिडिओ मागा, खरा असेल तर दोन मिनिटांत देईल.

त्याच्याकडच्या फोटोत मागे चॉकलेटी चौकटीची फरशी आणि निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचा पाय दिसतो. तोच फोटो, वेगळ्या चिठ्ठीसह, परवा एकीने मला पाठवलाय, या वेळी सेट ईव्ही३ आणि भाव २९,०००. तिने पैसे दिले नव्हते, वाचली. मला पोलिसांनी तोंडी सांगितलंय की एकट्या तक्रारीवर टीम इंदूरला जाणार नाही, चार-पाच असतील तर बघू. त्यामुळे या फरशीचा फोटो कोणाला आला असेल, पैसे दिले असोत वा नसोत, तो स्क्रीनशॉट ठेवा, पैसे गेले असतील तर तुमच्या भागातल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या, शिक्क्याची प्रत घ्या आणि पोर्टलचा तक्रार क्रमांक मला पाठवा. सगळे क्रमांक एकत्र करून वकील पोलीस आयुक्तांच्या नावे अर्ज करणार आहेत, माझे कागद त्यांच्याकडे दिलेत.