भावांबरोबर दरीत उतरायचंय: ग्रँड कॅन्यन, कायोटी गल्च की बकस्किन?

आम्ही तिघे भाऊ. दादा नाशिकला, मी फीनिक्सला, धाकटा कॅलिफोर्नियात. दादाचं तिकीट निघालं की आमचा नेहमीचा वाद सुरू होतो: या खेपेला कुठल्या दरीत उतरायचं? ग्रँड कॅन्यन आणि कायोटी गल्च, दोन्हीकडे आम्ही तंबू ठोकून राहिलोय. बकस्किन ही यूटा-ॲरिझोनाच्या हद्दीवरची चिंचोळी दरी, तिथे वायर पास नावाच्या वाटेने आत जाऊन त्याच दिवशी परतलो, मुक्काम केलेला नाही. त्या भागाबद्दल मी सांगेन ते तेवढ्याच अनुभवावरचं.

सह्याद्रीत आधी दम लागतो आणि उतरताना गप्पा सुरू होतात. ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा गड. साउथ कैबाबची वाट जेमतेम 11 किलोमीटरची, पण कोलोराडो नदीपर्यंत उतार 1,450 मीटरच्या आसपास, आणि वाटेत प्यायला थेंब नाही. उतरताना दादा म्हणाला, "यात काय आहे? हरिश्चंद्रगडाला याहून घाम निघतो." दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजलच्या वाटेने वर येताना तो दर वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबत होता. थोरल्या भावाला दम लागत नाही, त्याची नाडी सुटते. बारीतून कळसूबाई चढलेल्यांनी हा चढ साधारण दीड कळसूबाई धरावा, तोही लांबलचक वळणांचा आणि उन्हातला. उन्हाळ्यात तळाशी पारा सहज चाळिशी ओलांडतो. सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, असं रेंजर बजावतात ते उगाच नाही. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही पोटात जावं लागतं. आमचे खारे दाणे आणि लोणचं-दशमी तिथे औषधासारखं कामी आलं.

तरीही पहिल्यांदा येणाऱ्या भावाला मी इथेच नेईन. वाट चुकायची भीती नाही, तळाच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर नळाचं पाणी आणि शौचालय आहे, परतीच्या वाटेवर हवासुपाई गार्डन्सला पाणी मिळतं. शेजारी फँटम रँच, म्हणजे तळाशी राहायची जागा, वास्तुरचनाकार मेरी कोल्टरने आखलेली, 1922 सालची. तिथून टाकलेलं पोस्टकार्ड खेचराच्या पाठीवरून वर येतं. दादाने आईला एक धाडलं. अडचण परवान्याची: चार-पाच महिने आधी लॉटरीत नाव घालावं लागतं. आणि एकांत मात्र विसरा.

कायोटी गल्च यूटामध्ये, एस्कलांटे गावाच्या पुढे. गल्च म्हणजे आपली घळ. होल-इन-द-रॉक रस्त्यावर 55 किलोमीटरच्या आसपास कच्च्यात गाडी हाकायची. रस्ता पत्र्याच्या पन्हळीसारखा, कवळी असेल तर खिशात ठेवा. पाऊस पडला की त्याचा चिखल होतो आणि गाडी जागची हलत नाही. हरिकेन वॉशपासून सुरुवातीचा पट्टा कोरडा, वाळूचा, कंटाळवाणा. मग हळूच पाणी पायाला लागतं आणि पुढे घोट्याएवढ्या ओढ्यातूनच चालायचं. साधारण 11 किलोमीटरवर जेकब हॅम्ब्लिन कमान येते. समोरच्या कड्याचं पोट इतकं खोल पोखरलेलं आहे, की खाली बसून हलक्या आवाजात बोललं तरी आवाज फिरून येतो. जवळच कड्यातून झरा पाझरतो. तंबू तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी नुसती पाण्याची पिशवी घेऊन खाली भटकायचं: नैसर्गिक पूल, क्लिफ आर्च, छोटे धबधबे. ज्याचा गुडघा दुखतोय त्याने कमानीखाली झोपून राहावं. ग्रँड कॅन्यनमध्ये ही सोय नाही, तिथे उतरलेल्या प्रत्येकाला चढावंच लागतं. भावांची खरी बोलणी, वाटणीची, आईच्या औषधांची, आमची इथेच झाली. पाय ओढ्यात असले की आवाज चढत नाही.

आता बकस्किन. धाकट्याचा हट्ट याच्यासाठी. सांदण दरी पाहिली असेल तर तिला वीस किलोमीटरहून जास्त ताणा, भिंती आणखी उंच करा आणि बाजूला निघायची वाट जवळजवळ बंद करा. पुढे परीआ नदीच्या संगमापाशी पोहोचेपर्यंत तंबूला जागा नाही, मध्ये गार पाण्याची डबकी, एका ठिकाणी धोंड्यांची कोंडी, जिथे दोरी लागू शकते. मुक्कामाचे परवाने दिवसाला वीस माणसांनाच. परीआचं पाणी गढूळ असतं आणि फिल्टर गाळाने तुंबतो. आधी भांड्यात निवळू द्यावं लागतं, काही जण चक्क तुरटी फिरवतात. आजीने शिकवलेलं अमेरिकेत असं उपयोगी पडतं.

पण इथला प्रश्न दमाचा नाही, आभाळाचा आहे. 12 ऑगस्ट 1997 ला याच मुलखातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 जण वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. जुलै ते सप्टेंबरच्या पावसाला तिकडेही 'मान्सून'च म्हणतात. त्या महिन्यांत बकस्किनचं नाव काढू नये. भारतातून येणाऱ्याची तारीख सहा महिने आधी ठरलेली, परतीचं तिकीट हातात. अशा माणसाला "आज आभाळ बरं दिसत नाही, परत फिरू" म्हणणं जड जातं, आणि ते म्हणता येणार नसेल तर तिथे जाऊच नये. सख्ख्या भावाला नाही म्हणणं तर आणखी जड. म्हणून धाकट्याला मी दोनदा अडवलंय आणि तिसऱ्यांदाही अडवेन.

ऋतू तिन्हीकडे साधारण एकच: एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. शेकोटी तिन्हीकडे बंद. यंदा दादाच्या गुडघ्यामुळे पुन्हा कायोटी गल्च ठरलंय, एप्रिलमध्ये. एक गोष्ट घरीच ठरवून निघा: कायोटी आणि बकस्किन दोन्हीकडे स्वतःची विष्ठा पिशवीत भरून परत आणावी लागते. त्या पिशव्या कोणाच्या पाठीवर, यावर आमचा गेल्या खेपेला कमानीखाली अर्धा तास वाद झाला. दादाने थोरलेपण काढलं, मी गाडी चालवल्याचं काढलं. धाकट्याकडे काढायला काहीच नव्हतं.