देशांतर्गत विमानाला ‘६०० युरो भरपाई’ नसते: ९७,४९९ रुपये गेल्यावर कळलेला नियम

पहिला व्यवहार सकाळी १०.५८ ला, ४९,५०० रुपये. दुसरा ११.०४ ला, ३८,००० रुपये. तिसरा ११.२३ ला, ९,९९९ रुपये. एकूण ९७,४९९. निमित्त होतं पुणे–दिल्ली विमानाच्या उशिराची ‘भरपाई’.

हे सापळे कसे लावतात ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणून थोडक्यात सांगतो. संध्याकाळी ७.४० चं विमान रात्री १२.५५ ला सुटलं. वैतागून विमान कंपनीच्या खात्याखाली सोशल मीडियावर तक्रार लिहिली, त्यात पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांकही टाकला. चार मिनिटांत उत्तर आलं. लोगो तोच, नाव तेच, फक्त शेवटी ‘रिफंड सपोर्ट’ जोडलेलं, आणि निळी टिक. ती टिक पैसे भरून कुणालाही मिळते, हे मला तेव्हाही माहीत होतं. डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, मोबाइल नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर फोन आला. माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता. माझं नाव, फ्लाइट नंबर, सीट नंबर, सगळं त्याच्याकडे होतं. कारण पीएनआर मी स्वतःच चारचौघांत टाकला होता. पीएनआर आणि आडनाव हातात असलं की बुकिंग उघडता येतं. बोर्डिंग पासचा फोटो टाकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. त्यावरच्या बारकोडमध्येही हीच माहिती असते.

त्यानं आधी एक पीडीएफ पाठवली. तिच्यावर राजमुद्रा, खाली डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नाव, आणि मजकूर असा: ‘ईयू २६१ नियमानुसार ३ तासांहून अधिक उशीर, अंतर ३,५०० कि.मी. पेक्षा जास्त, देय रक्कम ६०० युरो’.

इथेच मला थांबायला हवं होतं. उशीर सोडला तर त्या एका ओळीतली कुठलीच गोष्ट माझ्या प्रवासाला लागू नव्हती. पुणे ते दिल्ली हवाई अंतर १,२०० किलोमीटरसुद्धा नाही. ईयू २६१ हा युरोपियन युनियनचा नियम, भारताच्या डीजीसीएचा त्याच्याशी संबंध नाही. आणि भारतात देशांतर्गत विमानाला नुसता उशीर झाला म्हणून रोख भरपाई देणारा नियमच नाही. मी ती ओळ दोनदा वाचली, ‘६०० युरो’ या आकड्यावर थांबलो आणि ‘३,५०० कि.मी.’ वरून पुढे गेलो. आज ती पीडीएफ उघडली की अंगाची लाहीलाही होते.

मला मूर्ख म्हणण्याआधी एक ऐका. माझ्या मेहुण्याला फ्रँकफर्ट–मुंबई विमान सहा तास लेट झालं म्हणून खरोखरच ६०० युरो मिळाले होते. पैसे बँकेत आलेले मी पाहिले होते. त्यामुळे ‘भरपाई मिळते’ हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. ती कुठे मिळते आणि कुठे नाही, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि ठग नेमका याच फटीतून आत शिरला.

तर तो फरक इथे लिहून ठेवतो.

युरोपचा नियम विमान कुठून निघालं ते बघतो. युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून निघालेलं कुठल्याही कंपनीचं विमान त्यात येतं, भारतीय कंपनीचंही. मुंबईहून युरोपला जाताना मात्र प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी युरोपियन असेल तरच. तिकिटावर कुणाचा कोड छापलाय त्याला महत्त्व नाही, ‘ऑपरेटेड बाय’ पुढे काय लिहिलंय ते वाचा. मुक्कामी पोचायला ३ तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. ३,५०० कि.मी. च्या वरच्या प्रवासात उशीर ३ ते ४ तासांचा असेल तर रक्कम निम्मी होऊ शकते. ब्रिटननं हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला आहे, त्यामुळे लंडनहून मुंबईला येताना ४ तासांच्या वर उशीर झाला तर ५२० पौंड. तांत्रिक बिघाड ही सबब तिथे सहसा चालत नाही. युरोपियन न्यायालयानं २००८ मध्येच तसं सांगितलंय.

बाकीच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार, म्हणजे विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात २००९ मध्ये आला. त्यात ठरावीक रक्कम नसते. उशिरामुळे खिशातून गेलेला खर्च सिद्ध करावा लागतो: हॉटेल, नवं तिकीट, टॅक्सी, सगळ्याच्या पावत्या. कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), सामानासाठी १,५१९ एसडीआर. सामान तुटलं असेल तर ७ दिवसांत, उशिरा मिळालं असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार लागते. दावा दोन वर्षांच्या आत. देशांतर्गत प्रवासात सामानाची मर्यादा २०,००० रुपये. बॅग एकच, पण विमान कुठलं यावर तिची किंमत ठरते.

आता आपला देशांतर्गत नियम, ज्याच्या नावावर हा धंदा चालतो. उशीर झाला तर: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तासांच्या वर उशीर झाला की खाणंपिणं. ६ तासांच्या वर उशीर होणार असेल तर ६ तासांच्या आत दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक तुम्ही निवडायचं. २४ तासांच्या वर, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणाऱ्या विमानाला ६ तासांच्या वर उशीर असेल तर हॉटेल. एवढंच. रोख शून्य. मला सव्वापाच तासांत एक सँडविच आणि ज्यूसचा डबा मिळाला, आणि नियमाप्रमाणे ते पुरेसं होतं. त्यात उशीर एकदम सांगत नाहीत. आधी ४५ मिनिटं, मग आणखी ५०, मग एक तास. ६ तासांची रेघ ओलांडली जाणार की नाही हे प्रवाशाला शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून परतावाही मागता येत नाही. बोर्डावर प्रत्येक वेळी बदललेल्या वेळेचा फोटो काढून ठेवा.

विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही तरच रोख रक्कम: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. ‘जे कमी असेल ते’ हे शब्द फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये कधीच नसतात. तिकीट ६,२०० चं असेल आणि त्यात मूळ भाडं व इंधन शुल्क मिळून ४,१०० असतील तर मिळणार ४,१००, दहा हजार नाही. बुकिंग करताना तुमचा संपर्क दिलेला नसेल तर तेही नाही. एजंट स्वतःचाच नंबर टाकतात, तो तिथल्या तिथे बदलून घ्या.

पक्कं तिकीट असूनही ओव्हरबुकिंगमुळे, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे, चढू दिलं नाही तर हिशोब वेगळा. एका तासात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही, २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं व इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,०००. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,०००. धुकं, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), संप, सुरक्षा ही कारणं असली की रद्द विमानाची भरपाई नाही. म्हणून काउंटरवर कारण लेखी मागा. ‘ऑपरेशनल रीझन’ हे कारण होत नाही, ते नाकारा आणि नेमकं काय झालं ते ईमेलवर घ्या. परताव्याऐवजी क्रेडिट शेल (पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच ठेवलेली रक्कम) माथी मारत असतील तर ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाच्या मर्जीवर आहे, कंपनीच्या नाही.

यातली एक ओळ जरी मला त्या सकाळी माहीत असती, तरी मी फोन ठेवला असता.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. ‘क्लेम फॉर्म’ म्हणून त्यानं एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट ॲप टाकणारी फाइल, पाठवली. इन्स्टॉल करताना तिनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, ती मी दिली. फॉर्ममध्ये ‘पडताळणी शुल्क १० रुपये’, त्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही, हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो. तो ॲपनं वाचला आणि पुढे पाठवला. भरपाई देणारा तुमच्याकडून दहा रुपये का मागेल, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. तो म्हणाला, ‘सर, परकीय चलन आहे ना, खातं तपासावं लागतं.’ मला ते पटलं.

बँकेला ११.१६ ला कळवलं. तक्रार क्रमांक मिळाला. कार्ड ब्लॉक केल्याचं सांगितलं. आणि ११.२३ ला तिसरा व्यवहार झाला! रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवण्यापूर्वीचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे ८७,५०० माझ्या चुकीचे, ते मी मान्य करतो. पण ९,९९९ बँकेचे आहेत. शाखेत चार वेळा गेलो. चारही वेळा एकच वाक्य: ‘तुम्ही ओटीपी शेअर केलात.’ परिपत्रकाची प्रत टेबलावर ठेवली, ती कुणी उचललीसुद्धा नाही. शेवटी लेखी तक्रार दिली, ३० दिवस झाले तरी समाधान नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन गेलोय.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद त्याच दिवशी झाली आणि पावतीही मिळाली. मी ती घेऊन पोलिस ठाण्यात गेलो, तर ‘पैसे गेलेलं खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिथे जा’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी सांगितल्यावर साहेब जेवायला गेले. साडेतीन तास बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी अर्ज घेतला, एफआयआर नाही. विमान कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: ‘ते खातं आमचं नाही.’ तुमचं नाव आणि तुमचा लोगो लावून तुमच्याच पोस्टखाली माणसं लुबाडली जातात, ते खातं बंद करायला सांगणं तरी तुमचं काम आहे की नाही?

खरी तक्रार कुठे करायची तेही लिहितो. आधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल, मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रार पोर्टल. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. तो तुम्ही राहता त्या जिल्ह्यातला चालतो, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. यांपैकी कुणीही व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही आणि परतावा ज्या मार्गानं पैसे भरले त्याच मार्गानं परत येतो, त्यासाठी कार्डाचा सीव्हीव्ही लागत नाही.

फाइल इन्स्टॉल झालीच असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँक व १९३० ला कळवा. तक्रारीची वेळ मिनिटासकट लिहून ठेवा. माझ्याकडे ११.१६ ची नोंद आहे म्हणूनच ९,९९९ साठी भांडता येतंय.

ते खातं काल रात्रीही चालू होतं. नावातला ‘सपोर्ट’ काढून ‘क्लेम्स’ केलंय. मुंबई–नागपूर विमान रद्द झालेल्या एका बाईंच्या तक्रारीखाली त्या खात्यावरून लिहिलंय, ‘मॅडम, प्लीज नंबर डीएम करा.’ मी खाली इशारा लिहिला. त्या खात्यानं मला ब्लॉक केलं.