यादीतलं नाव खरं, साइट खोटी: १७,७१० रुपये आणि एक पेपर गेला

खऱ्या जर्नलचं (संशोधनाच्या नियतकालिकाचं) सोंग घेतलेल्या साइटवर मी माझा संशोधनाचा पेपर छापून घेतला आणि फसलो. पैशांचा आकडा आधीच सांगतो, नाहीतर शेवटपर्यंत लोक तेच विचारत बसतात. १७,७१० रुपये. प्रोसेसिंगचे १,५००, छपाईचे १२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून २,१६०, मी आणि माझे गाईड अशा दोघांच्या सर्टिफिकेटांचे १,२०० आणि छापील अंकाच्या कुरिअरचे ८५०. तो अंक आजतागायत आलेला नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. सीएचबीवाल्याला हा आकडा म्हणजे काय, ते दुसऱ्या सीएचबीवाल्यालाच विचारा. आमचं मानधन महिन्याला येत नाही, येतं तेव्हा येतं.

खोटी जर्नलं असतात हे मला माहीत होतं. उगाच कुणी शहाणपण शिकवू नये म्हणून सांगतोय. २०१८ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्याच मान्य यादीतली ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढून टाकली, ती बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती. ‘पाठवा आणि तीन दिवसांत छापून घ्या’वाले मेल मी उघडतसुद्धा नाही. मी ज्याच्याकडे पेपर पाठवला ते जर्नल यूजीसी-केअरच्या, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या, यादीत होतं. नाव जुळत होतं, आयएसएसएन हा नियतकालिकाचा नंबर जुळत होता, प्रकाशक जुळत होता. ते जर्नल खरंच अस्तित्वात आहे, चांगलं आहे, बरीच वर्षं निघतंय. फक्त मी ज्या साइटवर गेलो ती त्याची नव्हती. तेच मुखपृष्ठ, तेच संपादक मंडळ, तोच आयएसएसएन आणि गुगलवर खऱ्या साइटच्या वर. आयएसएसएन काही गुप्त नंबर नाही, कुणीही उचलून आपल्या पानावर डकवू शकतो. आणि तो दर्जाचा शिक्काही नाही, त्याने नियतकालिकाची फक्त ओळख पटते. हे आमच्या एकाही रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नाही. तिथे दोन तास फक्त संदर्भसूचीत स्वल्पविराम कुठे द्यायचा ते चालतं.

पेपर होता भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर. पावसाळ्यात काजळी नदीचं पाणी उतरतं, खाडीची क्षारता झपकन खाली येते, तेव्हा तिसऱ्यांची वाढ कशी अडते, कुठल्या भागात मर जास्त होते, याची मोजमापं. भर पावसात, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळा साधून, गुडघाभर चिखलात उभं राहून घेतलेली. तिसऱ्या काढणाऱ्या बायका आधी हसायच्या. नंतर त्याच हाक मारून सांगायला लागल्या, ‘सर, आज पलीकडच्या अंगाला बघा, तिकडे सगळी मेलेली लागतायत.’ मोजपट्टी माझी, पण अर्धी माहिती त्यांची आहे. पेपरच्या शेवटी त्यांचे आभारही मानले होते. चोरांनी तेवढा परिच्छेद कापला. पानं वाढत होती म्हणे.

सहायक प्राध्यापकाच्या भरतीत छाननीच्या वेळी एका पेपरला दोन गुण असतात. दोन गुणांत काय होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी एका जागेसाठी आलेल्या अर्जांची चळत बघितलेली नाही. जाहिरात येणार अशी कुजबुज होती. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दिलेल्या नेट-सेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, त्यात लिंक होती, खाली ‘पब्लिकेशन कोऑर्डिनेटर’चा नंबर. माणूस बोलायला गोड, मराठी स्वच्छ. ‘रत्नागिरीचे का सर? मग हापूस पाठवा आम्हाला कधी.’ मीही हसलो. माझ्या कॉलेजातल्या दोघांचे पेपर त्याच साइटवर आधी आलेले होते, गाईडना विचारलं तर ते म्हणाले, यादीत आहे ना, मग पाठवून द्या. आता मला सांगा, मी आणखी कुणाला विचारायचं होतं?

खरं पिअर रिव्ह्यू, म्हणजे विषयातल्या जाणकारांकडून पेपरची तपासणी, म्हटलं की महिनोन् महिने वाट. माझा पेपर आठवड्याच्या आत परत आला, सोबत दोन रिव्ह्यूअरांचे शेरे. एकाचं म्हणणं, भाषा सुधारा. दुसऱ्याने लिहिलं होतं की रिस्पॉन्डंट्सची, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसांची, सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी विस्ताराने द्यावी. रिस्पॉन्डंट्स! माझे रिस्पॉन्डंट तिसऱ्या होत्या. त्यांची आर्थिक पार्श्वभूमी मी काय देणार? मी स्टाफरूममध्ये तो शेरा वाचून दाखवला, सगळे पोट धरून हसले, आणि कुणालाही, म्हणजे सात-आठ उच्चशिक्षित माणसांपैकी एकालाही, वाटलं नाही की हा पेपर कुणी उघडलेलाच नाही. आपल्याकडे खऱ्या जर्नलचेही रिव्ह्यूअर कधीकधी असेच असतात, म्हणून आम्ही सोडून दिलं. आमच्या व्यवस्थेनेच आमची नाकं बधिर केलीत, आम्हाला वास येणार कुठून?

पण मी रात्री जागा राहतो तो या शेऱ्यामुळे नाही. क्यूआर कोडमुळे.

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला होते. कोऑर्डिनेटर म्हणाला, ‘सर, अंक ५ तारखेला लॉक होतोय, मग थेट डिसेंबर.’ घरात मखराचं सामान पसरलेलं, मुंबईहून भाऊ-वहिनी यायचे होते, लाईट सारखी जात होती. मी क्यूआर स्कॅन केला, छपाई आणि जीएसटीचे १४,१६० टाकले, आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं. ना जर्नलचं, ना प्रकाशकाचं, ना कुठल्या ट्रस्टचं. एका मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. कव्हर, चार्जर, इअरफोन विकणारं दुकान! मी थांबलो. खरंच थांबलो. फोन लावून विचारलंही. तो एक क्षणही अडखळला नाही: ‘सर, ते आमच्या अकाउंटंटचं करंट खातं आहे, सणामुळे संस्थेच्या खात्याचं काम अडकलंय, पावती जर्नलच्याच नावाने येईल.’ आणि पावती आलीसुद्धा, जर्नलच्याच नावाने, लोगोसकट. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, ‘कोणाला पाठवताय एवढे?’ मी म्हटलं, जर्नलला. समोर स्क्रीनवर चार्जरच्या दुकानाचं नाव आणि मी म्हणतोय जर्नलला.

त्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक मी नंतर मोजला. जीएसटीआयएन पंधरा अक्षरी असतो, त्यावर होती चौदा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पत्ता पुण्याचा आणि क्रमांक सुरू ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते फुकट दिसतं. पैसे द्यायच्या आधी टाका. नंतर टाकून काय मिळतं ते मी सांगतोच आहे.

उलगडलं ते पेपरवरच्या डीओआयमुळे, म्हणजे पेपरच्या ऑनलाइन ओळख क्रमांकामुळे. अर्जात भरताना लिंक दाबून बघितली तर ‘डीओआय नॉट फाउंड’. दहाने सुरू होणारा लांबलचक नंबर दिसला की आपण मान डोलावतो, तो doi.org वर टाकून कोण बघतो? बघा. मग मी तो अंक वरपासून खालपर्यंत चाळला. एकाच अंकात माझ्या तिसऱ्या, औषधनिर्माणशास्त्र, जीएसटीचा किरकोळ व्यापाऱ्यांवरील परिणाम आणि संतसाहित्यातील पर्यावरण. शेकड्यांनी पेपर. खरं जर्नल त्रैमासिक आहे आणि लेखकाकडून एक पैसा घेत नाही, हे मला त्याच्या खऱ्या संपादकांनी कळवलं. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं, एवढं एकच बरं. त्यांच्या साइटवर इशाराही होता, पण त्या साइटवर पोचलेल्याला इशाऱ्याची गरजच काय!

त्यांना विचारलं, आता तुम्ही माझा पेपर बघाल का? नाही, कारण तो ‘आधीच प्रकाशित’ आहे. दुसरीकडे पाठवायला घेतला, साम्य तपासणीचा अहवाल आला ८१ टक्के. माझाच मजकूर, माझ्याच नावाचा, त्या खोट्या साइटवरून उचललेला. म्हणजे मी माझाच चोर. कोऑर्डिनेटरला लिहिलं, पेपर काढून टाका. तो म्हणाला, विथड्रॉवल फी १०,००० अधिक जीएसटी, एकूण ११,८००. दिले नाहीत. तुमच्याकडे मागितले तर तुम्हीही देऊ नका. ज्यांनी दिले असं मला नंतर कळलं, त्यांचे पेपर तिथेच आहेत.

आता दाद मागायची कथा.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं तर साहेब म्हणाले, ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे, इथे परवानगी तुमचीच. बरोबर आहे त्यांचं. नियमाने सगळ्यांचंच बरोबर असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येतात. मला फसवलं गेल्याचं कळेपर्यंत चार महिने होऊन गेले होते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘पेपर छापला का?’ छापला. ‘तुमच्या नावाने?’ हो. ‘मग फसवणूक कुठाय?’ मी समजावलं की खऱ्या जर्नलचं सोंग घेऊन पैसे घेतलेत, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड कलम नेमकं यासाठीच आहे. त्यावर मला नवीन न्याय संहितेवर व्याख्यान मिळालं, चारशेवीस आता राहिली नाही, ३१८ आली, वगैरे. मला वाटलं आता लिहून घेणार. तर विचारलं, ‘रक्कम किती? सतरा हजार?’ आणि मागे रांगेत साडेचार लाख गेलेले एक गृहस्थ उभे होते, त्यांना पुढे बोलावलं. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. पण चिखलातले दोन पावसाळे रुपयांत लिहायची जागा त्या अर्जात कुठे होती? पुढच्या खेपेला सांगितलं, जिल्ह्याच्या सायबरला द्या. सायबरने सांगितलं, मूळ ठाण्यातून येऊ द्या.

विद्यापीठाच्या संशोधन विभागाची तर वेगळीच तऱ्हा. आधी म्हणाले, नाव यादीत आहे, म्हणजे जर्नल बरोबर आहे. मी म्हटलं, साइट खोटी आहे. मग म्हणाले, साइट खोटी असेल तर पेपर धरता येणार नाही. म्हणजे गुण गेले, ठीक. आता कारवाई? तेवढ्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये केअरची यादीच बंद झाल्याचं जाहीर झालं. फोनवरच्या मॅडम चक्क सुटल्यासारख्या म्हणाल्या, ‘सर, आता यादीच नाही, तर यादीतल्या जर्नलची तक्रार आम्ही कशी घेणार?’ यादी होती तेव्हा यादीमुळे घेता येत नव्हती, नाही तेव्हा नाही म्हणून. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाले, ‘कशाला गवगवा करता? नॅकच्या अहवालात तो पेपर आपण दाखवलाय.’ दाखवलाय! कॉलेजची श्रेणी ठरवणाऱ्या नॅकला! माझ्यासाठी तो पेपर नाही, पण कॉलेजसाठी आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या खटल्यात हैदराबादच्या एका प्रकाशकाला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश तिथल्या कोर्टाने दिला. कारणं काय, तर नसलेलं पिअर रिव्ह्यू आणि लपवलेली फी. धंदा आपल्या देशातला आणि दाद लागली सातासमुद्रापार. ‘शिकलेली माणसं कशी फसतात’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक: २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी एका पत्रकाराने ढळढळीत चुका असलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला. मी तर खरा पेपर पाठवला होता.

गुगलवरून जर्नल शोधू नका. आयएसएसएनच्या पोर्टलवर नंबर टाका, तिथे नोंदलेला साइटचा पत्ता बघा, मिळालेल्या लिंकशी अक्षर-अक्षर ताडून बघा. ‘रिट्रॅक्शन वॉच’ या साइटचा हायजॅक्ड जर्नल चेकर, म्हणजे सोंग घेतलेल्या जर्नलांची यादी, २०२२ पासून मोफत आहे, त्यात नाव शोधा. नाव नसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या अंकातल्या एखाद्या लेखकाला सरळ मेल करा, किती पैसे दिले आणि किती दिवसांत छापला ते विचारा. पेपर पाठवण्याआधी कॉपीराइटचा फॉर्म मागितला तर तिथेच थांबा. आणि गाईड ‘यादीत आहे ना’ म्हणाले तर त्यांना यादी बंद झाल्याचं सांगा, अनेकांना अजून पत्ता नाही.

परवा त्याच कोऑर्डिनेटरचा मेसेज दुसऱ्या नंबरवरून ग्रुपवर आला. आता ‘यूजीसी-केअर’च्या जागी ‘यूजीसीच्या नव्या निकषांप्रमाणे पिअर-रिव्ह्यूड’, ऑफर ९,९९९. माझ्याकडे चॅट, पावती, यूपीआयची नोंद आणि त्या साइटचे स्क्रीनशॉट तारखेसकट आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, कुठलेही असा, ज्यांच्या पावतीवर ०९ ने सुरू होणारा चौदा अक्षरी नंबर आहे त्यांनी ती फेकू नका, मला कळवा. आठ-दहा जणांच्या पावत्या एका अर्जाला जोडल्या तर रक्कम लाखावर जाते, आणि लाखावर गेली की ठाण्यात खुर्ची देतात.